सागरगोट्याच्या जाळीच्या शोधात : बाणकोट ते दापोली

सागरगोटे मराठी घरातल्या बायकांना माहीत नाहीत असं सहसा होत नाही. पण सागरगोट्याचं झाड पाहिलंय का, असं विचारलं की बहुतेक जणी गप्प होतात. माझ्या मावशीचं बालपण सातारच्या बाजूला गेलं, तिथे सागरगोटे बाजारातून यायचे. यंदा शिमग्याच्या आधी तिने ठरवलं की ज्या बियांवर लहानपणीच्या सगळ्या दुपारी गेल्या, त्यांचं झाड डोळ्यांनी बघायचं. सोबत मी आणि माझी शाळकरी भाची. सागरगोटा किनाऱ्याचा रहिवासी, म्हणून सावित्रीच्या मुखापासून दक्षिणेकडे दापोलीपर्यंतचा पट्टा निवडला.

हंगामाचं आधीच सांगते. सागरगोट्याला पिवळी फुलं येतात ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. शेंगा थंडीत भरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळून उकलतात. बिया बघायच्या असतील तर हाच काळ. शिवाय याच दिवसांत ओले काजू असतात आणि कासवांची पिल्लंही समुद्रात जातात.

गुरुवार : बागमांडला, बाणकोट, वेळास

बागमांडल्याहून गाडी फेरीबोटीत चढवली आणि सावित्री ओलांडून वेसवीला उतरलो. उन्हाचा तडाखा होता, पण खाडीवरचा वारा सुखाचा. बाणकोटच्या किल्ल्यावर पोचेपर्यंत दुपार कलली होती. जांभ्या दगडाचा आटोपशीर किल्ला आणि खाली नदी समुद्राला मिळताना दिसते. तटाच्या बाहेरच्या उतारावर भाचीची ओढणी कशात तरी अडकली. ती पुढे ओढायला लागली तशी आणखी अडकली.

तोच सागरगोटा! आम्ही किनाऱ्यावर शोधणार होतो, पण तो वरच भेटला. करवंदीच्या अंगावर चढून, तिला जवळजवळ झाकून बसला होता. खोडाला काटे, फांद्यांना काटे, आणि पान उलटं केलं तर मधल्या शिरेवरही मागे वळलेले आकडे. आत शिरताना ते बोचत नाहीत, बाहेर निघताना धरतात. याच आकड्यांच्या जोरावर हे झुडूप दुसऱ्या झाडांवर चढत जातं. त्याला धड वेल म्हणता येत नाही आणि धड झाडही. आधार मिळाला तर कित्येक मीटर वर जातं, नाही मिळाला तर स्वतःच्याच फांद्यांची जाळी करून पसरतं.

गुरं घेऊन जाणारे एक काका थांबले. भाचीला म्हणाले, "बाय, ओढू नको. आल्या वाटेनं मागं ये, सुटंल." ती दोन पावलं मागे सरली आणि ओढणी खरंच सुटली. जाळीत अडकलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: पुढे ओढायचं नाही, मागे सरकायचं.

वेळासला मुक्काम घरगुती होता. अंगणात शेणाने सारवलेलं खळं, मागे पोफळीची बाग. जेवणात ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी. मावशी तीनदा सोलकढी प्यायली. घरच्या काकूंना सागरगोट्याबद्दल विचारलं तर त्या आत गेल्या आणि एक लाकडी डबी घेऊन आल्या. डबीत वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, आणि त्यांच्यात एक सागरगोटा, एका बाजूने फोडलेला.

"ताई, आमच्याकडे ही गुटीची डबी. सागरगोटा आधी निखाऱ्यावर भाजायचा, मग फोडून आतला गर घ्यायचा. सहाणेवर आईच्या दुधात एक वळसा, बस्स. पोट दुखून रडणाऱ्या पोराला." मी गराचा कण जिभेवर ठेवून बघितला. कडूपणा इतका की सोलकढीची वाटी पुन्हा मागावी लागली. काकूंच्या मुलीने स्वतःच्या बाळाला गुटी दिली नाही, डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून. काकूंनीही आग्रह धरला नाही. "डॉक्टर हाताशी असल्यावर कशाला? आमच्या सासूबाईंच्या वेळी बाणकोटला बोटीने जायला लागायचं," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचं हे वागणं फार आवडलं. डबी मात्र त्यांनी टाकलेली नाही.

शुक्रवार : वेळासचा किनारा

सकाळी सातच्या सुमाराला कासवांच्या पिल्लांसाठी गेलो. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी वाळूत एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते. ती उचलून कुंपणातल्या सुरक्षित वाळूत पुरतात. पिल्लं बाहेर आली की सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडे सोडतात. त्या दिवशी टोपली उचलल्यावर थोडीच पिल्लं निघाली. वाळूत त्यांच्या पायांच्या दोन रांगा उमटत गेल्या आणि पहिल्या लाटेने पुसल्या. भाची श्वास रोखून बघत होती.

जाणाऱ्यांनी दोरीच्या अलीकडे उभं राहावं, फोटोचा फ्लॅश बंद ठेवावा आणि पिल्लं रोज निघतातच असं धरून चालू नये. आदल्या संध्याकाळी आलेल्यांना एकही दिसलं नव्हतं. शनिवार-रविवारची गर्दी टाळता आली तर उत्तम.

गर्दी पांगल्यावर आम्ही किनाऱ्याच्या वरच्या कडेने चालत गेलो. समुद्राकडून गावाकडे येताना झाडोरा कसा बदलतो ते इथे पायांनी वाचता येतं. सगळ्यात पुढे, जिथे मोठ्या भरतीचं पाणी पोचतं, तिथे मर्यादवेल, जांभळ्या फुलांची, वाळूवर सरपटणारी. तिच्या मागे ताठ पात्यांचं काटेरी गवत. त्यामागे निगडी आणि केवडा, आणि त्यांच्यात घुसलेला सागरगोटा. सुरूची लागवड त्याच्याही मागे.

इथली जाळी बाणकोटच्या कितीतरी पट मोठी होती. शेंगा वाळून तपकिरी झालेल्या, बोटभर लांबीच्या, अंगभर तारांसारखे काटे. काही उकलल्या होत्या. भुकेलं पिल्लू चोच वासून बसावं तशी शेंग उघडलेली आणि आत काठाला चिकटलेल्या दोन राखाडी बिया. एका शेंगेत बहुतेक वेळा दोनच, कधी एक. मी काठीने एक शेंग जवळ ओढली. बी हातात घेतली तर बाहेर ऊन असून ती गार लागली. नीट निरखलं तर तिच्या अंगावर केसाएवढ्या बारीक रेघांची वर्तुळं, एकात एक. कानाशी हलवली तर आत गर खुळखुळला.

हा खुळखुळाट महत्त्वाचा आहे. बी वाळते तेव्हा आतला गर आक्रसतो आणि टरफलाशी मोकळी जागा राहते. त्या पोकळीमुळे बी पाण्यावर तरंगते. टरफल इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही, म्हणून समुद्रात वर्षानुवर्षं राहूनही बी जिवंत असते. असं तरंगत तरंगत हे झाड जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर पोचलं: आपल्याकडे, श्रीलंकेत, आफ्रिकेत, पॅसिफिकच्या बेटांवर, कॅरिबियनमध्ये. अटलांटिकच्या प्रवाहांबरोबर कॅरिबियनकडच्या बिया थेट स्कॉटलंड, आयर्लंड आणि नॉर्वेच्या थंड किनाऱ्यांपर्यंत जातात. तिथे त्या रुजत नाहीत, पण माणसांनी त्या उचलल्या. मार्टिन मार्टिन नावाच्या लेखकाने 1703 मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांबद्दल लिहिताना नोंदवलंय की तिथले लोक मुलांच्या गळ्यात अशी पांढुरकी बी बांधत. कुणी वाईट चिंतलं की ती काळी पडते असा समज होता. जिथे हे झाड कधी उगवलंच नाही तिथेही त्याच्या बीला दृष्ट काढायचं काम मिळालं, हे वाचल्यापासून मला या झाडाबद्दल आणखीनच माया वाटते.

आम्ही फक्त खाली पडलेल्या बिया उचलल्या, त्याही मूठभर. जाळीत पक्षी असतात, सरडे असतात, आणि सापही असू शकतात. हात घालू नका, काठी वापरा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घाला. वाळूत चपला चालतील असं वाटतं, पण वाळक्या पानांच्या दांड्यांवरचे आकडे चपलेतून सहज घुसतात.

दुपारी काकूंकडे पाण्याच्या पातेल्यात बिया टाकून बघितल्या. बहुतेक तरंगल्या, दोन-चार तळाला गेल्या. भाचीने बुडलेल्या वेगळ्या काढून ठेवल्या. खेळायला त्याच बऱ्या, त्यांना वजन असतं, असं मावशीचं म्हणणं.

शनिवार : केळशी

केळशीचं महालक्ष्मीचं देऊळ सुंदर आहे, ते चुकवू नका. तिथून आम्ही खाडीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या टेकडीकडे गेलो. एवढी उंच वाळूची टेकडी आपल्या किनाऱ्यावर दुसरीकडे सहसा दिसत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास करून जुन्या काळच्या त्सुनामीशी तिचा संबंध जोडला आहे. टेकडीवर चढू नये, वाळू घसरते आणि तिचं नुकसान होतं. पायथ्याने चालत जा.

भरतीरेषेवर लाकडाचे तुकडे, नारळाच्या कवट्या, जाळ्यांचे तुटके दोर, बाटल्या. या सगळ्या पसाऱ्यात भाचीला समुद्राने आणून टाकलेला सागरगोटा मिळाला. त्याची झिलई गेली होती, अंगाला पांढरट शेवाळाचा डाग होता, तरी टरफल शाबूत होतं. कुठून आला असेल? पलीकडच्या गावातून किंवा कुठल्या तरी दूरच्या किनाऱ्यावरून, काहीही असू शकतं.

मुक्कामाच्या घरी ऐंशीच्या पुढच्या आजी होत्या. मावशीने पदरातून बिया काढून ओटीवर ठेवल्या मात्र, आजी सरसावून बसल्या.

"खेळतेस काय गो?"

"खेळते की! पण आजी, तुमच्याकडे किती घेतात?"

"पाच घे. आधी एकखडी."

पुढचा तासभर मी फक्त बघत होते. बिया जमिनीवर टाकायच्या. एक उचलून वर उडवायची आणि ती खाली यायच्या आत जमिनीवरची एक टिपून दोन्ही झेलायच्या. एक एक करून सगळ्या उचलल्या की दुखडी, म्हणजे एका वेळी दोन. मग तिखडी. टिपताना शेजारची बी हलली तर डाव गेला. आजींचे डोळे अधू, पण हाताला बरोबर ठाऊक होतं कुठली बी कुठे पडली आहे. मावशीचा डाव दुखडीत गेला तेव्हा आजी म्हणाल्या, "फार उंच फेकतेस. कपाळापर्यंत पुरे."

खडे असताना बियाच का, ते समोर बसून कळलं. सागरगोटा गोल आहे पण चेंडूसारखा लोळत जात नाही, थोडा चपटा असतो. सगळे जवळजवळ एका मापाचे, दीड ते दोन सेंटिमीटरचे. तळहातात पाच मावतात, झेलताना लागत नाहीत, आणि एकमेकांवर आपटल्यावर जो टणक आवाज होतो त्याने खेळाला ताल येतो. वापरून वापरून ते आणखी गुळगुळीत होतात. आईचे सागरगोटे मुलीकडे जातात ते यामुळेच. विदर्भ-मराठवाड्यात यांनाच गजगे म्हणतात. तमिळनाडूतही मुली हा खेळ याच बियांनी खेळत आल्या आहेत, आणि कॅरिबियन बेटांवर खळग्यांच्या पाटावर वारी नावाचा खेळ असतो, त्यातल्या सोंगट्या म्हणजे हेच राखाडी गोटे.

आजींनी भाचीला आणखी एक गोष्ट दाखवली. बी दगडी पायरीवर जोरजोरात घासली आणि पटकन तिच्या मनगटाला लावली. ती ओरडलीच! टरफल इतकं कठीण की घासल्यावर चांगलंच तापतं आणि तापलेलं राहतं. शाळेत शेजारच्या मुलीला असा चटका देणं हा एकेकाळी रोजचा उद्योग होता, आजी म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत भाचीने घरातल्या सगळ्यांना चटके दिले.

रात्री जेवणात उकडीचे मोदक. केळशीला घरगुती मुक्काम करणार असाल तर मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवा. ऐनवेळी नारळ खवणं आणि पीठ उकडणं कुणालाच जमत नाही.

रविवार : आडे, पाडले, आंजर्ले, हर्णे

केळशीहून आडे आणि पाडल्यावरून आंजर्ल्याला येणारा रस्ता समुद्राला धरून जातो. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत आवडलेला तुकडा हाच. इथे काही आंब्या-काजूच्या बागांना अजून सागरगोट्याचं कुंपण आहे. खाली जांभ्याच्या दगडांची गडग्याची रांग आणि तिच्यावर चढलेली काटेरी जाळी. एका बागेतले भाऊ कलमांना पाणी घालत होते. त्यांनी सांगितलं की गुरं, डुकरं आणि बिनकामाची माणसं, तिघांनाही हे कुंपण पुरतं. पानं खायला बकरीसुद्धा तोंड घालत नाही.

"मग सगळेच का लावत नाहीत?"

"वाढतं भराभर. दरवर्षी छाटायला लागतं, आणि छाटायला माणूस मिळत नाही. तारेचं कुंपण एकदा घातलं की झालं." मग थोडं थांबून म्हणाले, "निसर्ग वादळात तार गेली, खांब गेले. पोफळी तर सगळ्या आडव्या. ह्या जाळ्या मात्र होत्या तिथंच होत्या."

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागांची दाणादाण उडाली, ते अजून इथल्या प्रत्येक बोलण्यात येतं. जाळ्या का टिकल्या हे समोर दिसतंच. झुडूप बुटकं, पसरट, फांदी फांदीत गुंतलेली, वाऱ्याला धरायला उंच काही नाही. किनाऱ्याच्या वाळूला अशीच झुडपं धरून असतात. रिसॉर्टसाठी जागा मोकळी करताना पहिला कोयता मात्र त्यांच्यावरच पडतो, कारण ती "नुसती काटेरी झुडपं". वाटेत एका ठिकाणी जेसीबीने सपाट केलेला किनाऱ्याचा तुकडा पाहिला. केवडा, निगडी, सागरगोटा, सगळं एका ढिगात वाळत पडलेलं होतं आणि त्या ढिगातल्या शेंगा उन्हाने उकलत होत्या. मला तिथे फार वाईट वाटलं. समुद्र बघायला येणाऱ्यांना ही झुडपं आड येतात असं मानणं चूक आहे. ती समुद्रकिनाऱ्याचाच भाग आहेत, जशी वाळू आहे.

आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेतलं. खाली खाडीत एका होडीवाल्या दादांनी कांदळवनाच्या कडेने फिरवून आणलं. तिथे पाण्याच्या अगदी काठाला सागरगोट्याचा एक भाऊबंद दिसला. तसेच आकडे, तशीच पिवळी फुलोऱ्याची दांडी, पण पानं चकचकीत आणि शेंग बिनकाट्यांची, चपटी, आत एकच बी. शास्त्रीय नावांत या दोघांचा घोळ फार वर्षं चालला होता. खाडीकाठच्या याचं बरीच वर्षं चालत आलेलं नाव सिसाल्पिनिया क्रिस्टा, पण औषधी वनस्पतींवरच्या जुन्या पुस्तकांत सागरगोट्यालाच क्रिस्टा म्हटलेलं आढळतं. सागरगोट्याचं आताचं नाव गिलँडिना बाँडक, आणि त्याआधीचं सिसाल्पिनिया बाँडक. पुस्तक घेऊन फिरणाऱ्यांनी नावावर न जाता शेंग बघावी. काटे असतील तर सागरगोटा.

संध्याकाळी हर्ण्याच्या बंदरावर लिलाव. समोर सुवर्णदुर्ग आणि अलीकडे बोटींतून उतरणाऱ्या टोपल्या, बैलगाड्या, बर्फ, आरडाओरडा. सुरमई घेऊन शेजारच्या खानावळीत तळून घेतली, सोबत ओल्या बोंबलाचं कालवण. मासे घेणार असाल तर लिलावातल्या भावाला हात घालू नका, तिथे टोपलीच्या हिशेबाने बोली असते. बाजूला बसलेल्या मावश्यांकडून किरकोळीत घ्या आणि साफ करून मागा.

त्यांच्यातल्याच एका मावशींनी माझ्या पिशवीतले सागरगोटे ओळखले. त्यांच्या सासऱ्यांच्या अंडवृद्धीला म्हणे गर एरंडेलात उगाळून लावायचे. त्यांनी हे अगदी मोठ्याने, माशांचा भाव सांगतात तसंच सांगितलं. सुजेवर असा लेप लावायची रीत दक्षिणेतही आहे. त्याने किती गुण येतो ते मी सांगू शकत नाही. असा त्रास असेल तर सर्जनकडेच जावं.

सोमवार : दापोली

दापोलीत हवा एकदम बदलते. किनाऱ्यावरचा घामटपणा जातो आणि सकाळी चक्क गारवा असतो. काष्ठौषधींच्या दुकानात सागरगोटे पोत्यात भरलेले, किलोवर मिळतात. दुकानाच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या वैद्यांना मावशीने आपली सगळी शोधयात्रा सांगितली. त्यांनी चहा मागवला आणि मनापासून बोलत बसले.

आयुर्वेदात याला लताकरंज आणि कुबेराक्ष म्हणतात. भाजलेल्या गरात हिंग, सुंठ, सैंधव, लसूण घालून केलेली वटी पोटातल्या कळांसाठी देतात. तापाशी त्याचं नातं त्याहून मोठं. हिवताप घरोघर असायचा आणि क्विनाइन सगळ्यांना परवडत नव्हतं, तेव्हा गराची पूड मिऱ्यांच्या पुडीबरोबर देत. ही निव्वळ आजीबाईंची रीत नव्हती. 1868 मध्ये इंग्रज सरकारने काढलेल्या हिंदुस्थानच्या औषधसंग्रहात हीच जोडी, बाँडकचा गर आणि मिरी समभाग, अधिकृत चूर्ण म्हणून नोंदवली गेली. पुढे केंद्र सरकारच्या आयुर्वेद संशोधन परिषदेने हिवतापासाठी आयुष-64 तयार केलं, त्यात सप्तपर्ण, कुटकी आणि किराततिक्त यांच्या जोडीला चौथा हाच कुबेराक्ष. कोविडच्या काळात, 2021 मध्ये, सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठी ते पुन्हा पुढे आलं. किती घरांनी त्या गोळ्या घेतल्या असतील! आत सागरगोटा आहे हे किती जणांना ठाऊक होतं?

वैद्यांनी निघताना बजावलं ते इथे तसंच देते. कच्चा गर खाऊ नये, उलट्या होतात. गरोदर बाईने तर मुळीच घेऊ नये. इंटरनेटवर पाळीच्या तक्रारींसाठी कुणी रोज अमुक ग्रॅम चूर्ण सांगतं, त्यावर विसंबू नये. आणि तापाला आज रक्ततपासणी आहे, ती आधी करावी. "झाड चांगलं आहे म्हणून ते सगळ्यांना सारखंच चालतं असं नाही," ते म्हणाले.

गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेत आम्हाला सागरगोट्याची रोपं विचारणारे पहिलेच लोक म्हणून कौतुकाने वागवलं. रोपं नव्हती, पण बी कशी रुजवायची ते तिथल्या दादांनी करून दाखवलं. त्यांनी एक बी चिमटीत धरली आणि खरखरीत दगडावर एकाच जागी घासत राहिले. राखाडी कवच झिजून आतला फिकट रंग दिसला तिथे थांबले. "एवढंच. जास्त घासलं तर गर दुखावतो." मग ती रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी फुगलेली दिसली तर पाणी आत गेलं असं समजायचं आणि मातीत बोटाच्या एका पेराएवढी खोल लावायची. न घासता लावली तर वर्ष वर्ष तशीच पडून राहते.

कुंपणासाठी लावायची असेल तर पावसाच्या सुरुवातीला लावावी. रेताड, निचऱ्याची जमीन आणि भरपूर ऊन लागतं. खारा वारा चालतो. घराच्या फाटकाशी किंवा मुलं खेळतात तिथे लावू नये, आणि पाऊस संपल्यावर दरवर्षी छाटावी, नाहीतर शेजारच्या कलमावर चढते. छाटलेल्या फांद्या हाताने ओढू नयेत, आकडीने ओढाव्यात. जागा कमी असेल तर हा नाद सोडावा. मावशीच्या भावाची कोरेगावला शेताची एक बाजू उघडी आहे, रानडुकरांचा त्रास आहे. तिने तिथे लावायला घासलेल्या बिया मागून घेतल्या आणि गाडीत बसल्या बसल्या भावाला फोन लावून जमिनीचा निचरा कसा आहे ते विचारायला सुरुवात केली.